तेरावा महिना

कॅनडात पाच साध्यासुध्या माणसांनी एकत्र यायचं, एका निर्वासित कुटुंबाच्या वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवायची आणि सरकारला लेखी सांगायचं की यांना इकडे आणा, पुढचं आम्ही बघतो. अशी सोय इथल्या कायद्यात आहे. कोल्हापुरातल्या माझ्या नातेवाइकांना मी हे सांगते तेव्हा ते हमखास विचारतात, ‘मग सरकार काय करतं?’ सरकार पुष्कळ करतं. कुणाला यायला मिळेल, हे तेच ठरवतं. चौकशी, वैद्यकीय तपासणी, व्हिसा हे सगळं त्याच्याच हातात असतं. दरवर्षी हजारो निर्वासितांना ते स्वतःच्या खर्चानेही आणतं. पण त्या संख्येच्या वर आणखी माणसं आणायची असतील तर नागरिकांनी पुढे यावं, असं तत्त्व इथे ठरून गेलं आहे. १९७९ पासून या वाटेने तीन लाखांहून अधिक माणसं कॅनडात आली. विमानातून उतरल्या क्षणापासून त्यांना कायम रहिवासाचा हक्क असतो. तात्पुरता परवाना किंवा छावणी या वाटेत कुठेच येत नाही.

मी ओंटारिओतल्या किचनर गावी राहते आणि एका छोट्या कारखान्याचे हिशेब लिहिते. २०१६ साली आमच्या गटात मला कुणी घेतलं असेल तर ते या हिशेबांमुळेच. एका चर्चने सरकारशी केलेल्या करारनाम्याखाली आम्ही काम करत होतो, पण गटात चर्चला जाणारे आणि न जाणारे दोन्ही होते. एक निवृत्त शिक्षक नवराबायको, एक बसचालक, एक औषधविक्रेता, मी, आणि एक परिचारिका. ती १९८० साली लहानपणी व्हिएतनाममधून आली होती, आणि तिच्या आईवडलांना याच गावातल्या लोकांनी बोलावून घेतलं होतं. पुढे वर्षभर गटात मतभेद झाले की आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचो.

या सोयीचा जन्म तिच्या कुटुंबाच्या गोष्टीतच आहे. १९७८ च्या नोव्हेंबरात ‘हाय हाँग’ नावाचं जुनं मालवाहू जहाज अडीच हजारांवर व्हिएतनामी लोकांना घेऊन मलेशियाच्या किनाऱ्याशी थांबलं होतं. त्यांना कुणी उतरू देईना. त्यांतल्या सहाशे जणांना कॅनडाने घेतलं. पाठोपाठ १९७९ च्या उन्हाळ्यात पंतप्रधान जो क्लार्क यांच्या सरकारने पन्नास हजारांचा आकडा जाहीर केला आणि लोकांपुढे एक हिशेब ठेवला. तुम्ही एकाला आणलंत तर सरकार आणखी एकाला आणेल. ओटावाच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी एकट्या त्यांच्या शहरात चार हजार लोक आणायचा संकल्प सोडला. टोरांटोत हॉवर्ड एडेलमन या प्राध्यापकाच्या घरी जमलेल्या शेजाऱ्यांमधून ‘ऑपरेशन लाइफलाइन’ उभं राहिलं. १९८० संपेपर्यंत व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून साठ हजार लोक आले होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचा भार सामान्य नागरिकांनी उचलला होता. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांच्या कामासाठीचं नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला दिलं.

निर्वासित आणण्यासाठी सरकारशी पहिला करार केला तो मेनोनाइट पंथीयांच्या संस्थेने. आमच्या वॉटर्लू भागात त्यांची वस्ती मोठी आहे. त्यांतले जुन्या वळणाचे लोक अजून घोडागाडीने बाजाराला येतात. १९२० च्या दशकात सोव्हिएत राजवटीतून निसटलेले सुमारे वीस हजार मेनोनाइट कॅनडात आले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या घरांत ठेवून घेतलं होतं. ज्यांच्या घरात अशी आठवण असते, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. याच देशाची दुसरी बाजूही मी मुलांना सांगते. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजावरच्या ३७६ हिंदी प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूव्हरच्या बंदरातूनच परत पाठवलं गेलं. १९३९ साली ‘सेंट लुईस’वरच्या नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांनाही कॅनडाने आत घेतलं नाही. देशाला मायेचं वळण आपोआप लागत नाही. कुणीतरी ते लावावं लागतं.

आमच्या वाट्याला आलेलं कुटुंब सीरियातलं होतं. आई, वडील, आजी आणि तीन मुलं. चार वर्षं जॉर्डनमध्ये काढून ते २०१६ च्या नोव्हेंबरात आले. त्याआधी, २०१५ च्या नोव्हेंबरपासून २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत, कॅनडाने २५ हजार सीरियन लोक आणले होते. तेव्हा विमानतळावर पंतप्रधान स्वतः हिवाळी कोट वाटत होते आणि वर्तमानपत्रं भरून वाहत होती. आमचं कुटुंब आलं तोवर कॅमेरे निघून गेले होते. मला वाटतं ते बरंच झालं.

चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी वर्षाला २५ ते ३० हजार डॉलर लागतील, असा तेव्हाचा अंदाज होता. आमच्या बाबतीत सहा महिन्यांचा निर्वाहखर्च सरकार देणार होतं आणि उरलेल्या सहा महिन्यांचा आम्ही. घर मांडण्याचा खर्चही आमच्याकडेच होता. पैसे जमवणं हे त्यातलं सोपं काम. सूप विकून, जुनी पुस्तकं विकून, आणि मुख्य म्हणजे लोकांकडे सरळ मागून ते जमले. भाड्याचं घर मात्र मिळता मिळेना. इथे घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेतो. ते आम्ही देत होतो. पण त्याला भाडेकरूचा इथल्या बँकेतला व्यवहार बघायचा असतो, आणि जो माणूस अजून अम्मानमध्ये आहे त्याचा व्यवहार कुठून दाखवायचा? शेवटी शिक्षक जोडप्याने आपल्या नावाने हमी दिली.

मग सामान. गावात बातमी फुटली आणि लोकांनी माळे रिकामे करून दिले. चार टोस्टर आले, मोडक्या पायाच्या खुर्च्या आल्या, डाग पडलेली पांघरुणं आली. परिचारिकेने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि निम्म्या परत पाठवल्या. गाद्या नव्याच घ्यायच्या, यावर ती ठाम होती. ढेकणांचा धोका हे एक कारण होतंच. दुसरं तिने हळूच सांगितलं. दुसऱ्याच्या गादीवर काढलेली रात्र तिची आई कधी विसरली नव्हती. आमच्यातल्या कुणीतरी फ्रिज आणि कपाटं भरून ठेवायची टूम काढली होती. तीही तिने मोडली. दोन दिवसांपुरती भाकरी, अंडी, फळं, चहा, साखर, तांदूळ एवढंच ठेवा, म्हणाली. बाकी त्यांना दुकानात न्या. काय खायचं हे कित्येक वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलंय.

दुकानातला तो पहिला फेरा मला अजून आठवतो. आजीने गव्हाच्या दलियाच्या तीन पिशव्या हातात घेऊन दाणा पारखला. आमच्या घरी लापशीचा रवा असाच बोटांत चोळून बघत. तिसरी पिशवी तिला पटली. सून भाव वाचून मनात दीनारांचा हिशेब करत होती आणि दरवेळी वस्तू परत ठेवत होती. इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाचं हे होतं. माझंही झालं होतं, कोथिंबिरीच्या जुडीपाशी. मला परतीचं तिकीट काढता येत होतं, हा फरक मात्र लहान नाही. मी माझ्या पदवीच्या आणि वयाच्या गुणांवर, आनंदाने, दोन सुटकेसा घेऊन इथे आले. हे लोक त्यांच्या घराची किल्ली अजून जपून होते आणि ते घर जागेवर नव्हतं.

पहिल्या पंधरवड्यात कागदपत्रांचा डोंगर असतो. सोशल इन्शुरन्स नंबर, प्रांताच्या आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेचं खातं, शाळेतले दाखले, मुलांच्या लसींच्या नोंदी, दातांचा डॉक्टर, कुटुंबाचा डॉक्टर. त्यातली एक गोष्ट आम्ही पक्की पाळली. डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून मुलांना न्यायचं नाही. मोठी मुलगी अकरा वर्षांची होती आणि इंग्रजी झपाट्याने उचलत होती. तिला सोबत नेणं सगळ्यांत सोयीचं होतं. पण आईला आपल्या दुखण्याबद्दल, पोटात गेलेल्या बाळाबद्दल जे सांगायचं आहे ते अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून कसं जाईल? अरबी बोलणारी प्रौढ दुभाषी मिळेपर्यंत आम्ही तारखा पुढे ढकलल्या.

बाकीचं शिकणं रोजच्या जगण्यातलं. कचऱ्याचे डबे कोणत्या दिवशी कोणते बाहेर ठेवायचे. बसमध्ये उतरायच्या आधी दोरी ओढायची. कांदा तळताना धुराचा भोंगा वाजला तर घाबरून बाहेर पळायचं नाही, खिडकी उघडायची. त्या भोंग्याने धाकट्या मुलाचं जे होई ते पाहवत नव्हतं. तो टेबलाखाली शिरायचा आणि कान दाबून बसायचा. बसचालकाने स्वयंपाकघराशेजारचा भोंगा नियमात बसेल एवढा लांब हलवून दिला आणि त्या मुलाला शिडीवर चढवून त्याच्याच हाताने चाचणीचं बटण दाबायला लावलं. दोन-तीन आठवड्यांनी पोरगं शेजाऱ्यांच्या घरी जाऊन तो कसा वाजतो हे दाखवत होतं.

खरी परीक्षा झाली ती पैशांवरून. वडील पहिल्या महिन्याचे पैसे हातात आल्यावर त्यांतले काही जॉर्डनमध्ये राहिलेल्या भावाला पाठवू लागले. गटात कुजबुज सुरू झाली. लोकांनी हे पैसे या कुटुंबासाठी दिले आहेत, भावासाठी नाहीत. हिशेब माझ्याकडे होते म्हणून प्रश्न माझ्याकडे आला, आणि माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं, आजही आहे. पैसे एकदा त्यांच्या खात्यात गेले की ते त्यांचे. नियमही तेच सांगतो. स्पॉन्सरने, म्हणजे आणणाऱ्या गटाने, कुटुंबाच्या खर्चाचा ताबा घ्यायचा नसतो, दिलेल्याची परतफेड मागायची नसते, त्यांचे कागद आपल्याकडे ठेवायचे नसतात. मुंबईला गिरणीत आलेल्या माणसाने पहिल्या पगारातून गावी मनिऑर्डर केली नसती तर आपण त्याला काय म्हटलं असतं? मी बैठकीत हेच विचारलं. शिक्षकबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या की त्यांच्या आजोबांनीही रशियात मागे राहिलेल्यांना धान्याचे पैसे पाठवले होते.

या कुटुंबावर एक कर्जही असतं, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. विमानाच्या तिकिटाचा खर्च सरकार उसना देतं आणि निर्वासितांनी तो हप्त्यांनी फेडायचा असतो. फेब्रुवारी २०१६ पर्यंत आलेल्या त्या पहिल्या सीरियन लोकांना तो माफ झाला. आमच्या कुटुंबाला झाला नाही. २०१८ पासून त्यावरचं व्याज बंद झालं, एवढाच दिलासा. सहा तिकिटांचं कर्ज डोक्यावर घेऊन नव्या देशात पाय ठेवायचा, ही गोष्ट मला पटत नाही. ज्या देशाने इतकं चांगलं काही उभं केलं, त्याने हेही बदलायला हवं.

वडील फरशी बसवणारे कारागीर. त्यांना दुसऱ्याच आठवड्यात काम हवं होतं. सरकार नव्याने आलेल्या प्रौढांसाठी इंग्रजीचे फुकट वर्ग चालवतं, तिथे लहान मुलांना सांभाळायचीही सोय असते, आणि गटाचं म्हणणं होतं की वर्षभर खर्च आहे तर आधी भाषा शिका, काम नंतर. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण चार वर्षं कामाविना हात बांधून बसलेल्या माणसाला आणखी एक वर्ष वर्गात बसा म्हणणं त्याच्या जिवावर येतं. त्यांनी स्वतःच मधला मार्ग काढला. सकाळी वर्ग, दुपारनंतर एका इराकी कंत्राटदाराकडे काम. इंग्रजी ते वर्गापेक्षा बांधकामावर जास्त शिकले, आणि ते सगळंच चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. आई मात्र वर्गात रमली. तिची शाळा लहानपणीच सुटली होती. तिने वर्षभरात एकही दिवस बुडवला नाही, बर्फाच्या वादळातही ती मुलाला स्नोसूट घालून बसथांब्यावर उभी असायची.

मी कोल्हापूरची आहे हे आमच्या गटात मी कधी विशेष सांगितलं नव्हतं. एकदा औषधविक्रेत्याने विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का? तेव्हा मी वळिवड्याबद्दल बोलले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलली. त्यांतले जे वाचले त्यांतले बरेच इराणमार्गे बाहेर पडले. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. आमच्या घरातली जुनी माणसं सांगायची की त्या गोऱ्या बायका बाजारात मोडक्या मराठीत भाव करायच्या. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ते लोक गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. त्या जागेला आता गांधीनगर म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत लग्नाचा बस्ता बांधायला जिथे जातात तेच हे गांधीनगर. माझ्याही लग्नाच्या साड्या तिथल्याच. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांचे आजोबा काय मागे टाकून आले होते, हे दुकानात बसून आम्ही कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते दुकानदार होते, आम्ही गिऱ्हाईक होतो. कोल्हापूरकर म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

कारण निर्वासिताकडून कृतज्ञतेची जी अपेक्षा असते ती मी इथे जवळून पाहिली आहे. चांगली, देवमाणसं असतात, पण त्यांना वाटतं की या लोकांनी चर्चच्या प्रत्येक जेवणाला यावं, दोन शब्द बोलावेत, आपली गोष्ट सांगावी. आमच्या कुटुंबातल्या वडिलांना एकदा असं बोलावणं आलं. दुभाषीमार्फत त्यांनी कळवलं की ते येतील, फरशीचं काम असेल तर करूनही देतील, पण तुरुंगात काढलेल्या दिवसांबद्दल बोलणार नाहीत. ते आले. चर्चच्या तळघरातल्या स्वच्छतागृहाची उखडलेली फरशी त्यांनी दोन शनिवारांत बसवून दिली. तिच्या रेषा अशा जुळलेल्या आहेत की नव्या माणसाला मी मुद्दाम ती दाखवते.

बारा महिन्यांनी गटाची जबाबदारी कायद्याने संपते. स्पॉन्सर लोक पुढच्या काळाला नुसतं ‘तेरावा महिना’ म्हणतात. ज्यांना तोवर पुरेसं काम मिळालेलं नसतं ते प्रांताच्या सरकारी मदतीवर जातात. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि ते कुणाचं अपयशही नाही. आमच्या कुटुंबाने तेराव्या महिन्यात वेगळंच केलं. वडिलांनी सांगितलं की ते मिसिसागाला राहायला जाणार. तिथे चुलतभाऊ आहे, काम जास्त आहे, आजीला तिच्या भाषेत बोलणाऱ्या बायका मिळतील. कायम रहिवाशाला देशात कुठेही राहायचा हक्क आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्नच नव्हता. तरी गटात वाईट वाटलं. शिक्षकबाईंना तर फारच. एवढं सगळं करून ते आपल्याला सोडून चाललेत, असं त्या म्हणाल्या.

मला त्या दिवशी हायसं वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. मी कोल्हापूर सोडून पुण्याला गेले, पुणं सोडून इथे आले. माझ्याकडे कुणी खुलासा मागितला नाही. शिकलेली मुलगी चांगल्या संधीसाठी गेली, एवढंच म्हणाले. मग फरशी बसवणाऱ्या सीरियन माणसालाही तेवढंच म्हणायला काय हरकत आहे? आपण ज्यांना आणलं ते वर्षभरात स्वतःच्या बळावर भाडं ठरवून, ट्रक सांगून, शाळेचे दाखले काढून दुसऱ्या गावी जाऊ शकले. कामाला आलेलं फळ ते हेच. बसचालक त्यांचं सामान चढवायला गेला. नव्या गाद्याही गेल्या, दलियाचा डबाही गेला.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेर सरकारने पाच जणांच्या गटांकडून आणि छोट्या स्थानिक संस्थांकडून नवे अर्ज घेणं थांबवलं. आलेल्या अर्जांचा ढीग साचला होता, लोक वर्षानुवर्षं ताटकळत होते, हे कारण खरंच आहे. मोठ्या करारधारक संस्था काम करत आहेत, पण त्यांनाही मर्यादा घालून दिलेली आहे. देशात घरभाडी भडकली आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांबद्दल लोकांचा सूरही बदलला आहे. मला याची काळजी वाटते. साचलेला ढीग उपसायला अधिकारी वाढवावे लागतील, ते वाढवायला हवेत. दार लावून ढीग दिसेनासा होईल, आणि गावोगावचे गटही तोवर पांगून जातील. १९७९ मध्ये घडलेलं पुन्हा जुळवायला मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

इथल्या मराठी मंडळींना मी एक काम नेहमी सुचवते, कारण त्याला नवा अर्ज लागत नाही. जे येऊन राहिले आहेत त्यांना दरवर्षी करविवरण भरावं लागतं. उत्पन्न शून्य असलं तरी नवराबायकोपैकी एकाचं जरी भरायचं राहिलं, तर मुलांसाठीचा भत्ता थांबतो आणि घरभाडं निघत नाही. कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणं फुकट भरून देणारी स्वयंसेवकांची केंद्रं मार्च-एप्रिलमध्ये गावोगावी चालतात, आणि त्यांना माणसं नेहमीच कमी पडतात. आपल्यात हिशेब येणारे लोक पुष्कळ आहेत. प्रशिक्षण संगणकावर घरबसल्या होतं, आणि नावनोंदणी शरद ऋतूत सुरू होते.